बेरियमच्या फिल्मवरचं लांब आतडं

बेरियम एनिमाची तपासणी आता क्वचितच होते. कोलोनोस्कोपी आली, सीटी स्कॅन आला आणि आमच्या पिढीच्या एक्स-रे टेक्निशियनांच्या हातात मुरलेलं ते काम हळूहळू थांबलं. १९७८ साली मी सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात लागले, तेव्हा आठवड्यातले दोन दिवस या तपासणीसाठी राखलेले असत. रुग्णाला आदल्या दिवशी नुसते पातळ पदार्थ, रात्री एरंडेल, सकाळी साध्या पाण्याचा एनिमा. मग बेरियम सल्फेटची पांढरी भुकटी कोमट पाण्यात कालवायची. गुठळी राहता कामा नये. राहिली तर फिल्मवर नसलेली गाठ दिसते आणि माणसाची झोप उडते. डबा स्टँडवर दोनेक फूट उंच टांगायचा, नळीतली हवा काढून टाकायची आणि खोलीतला दिवा मालवायचा.

आमच्याकडे तेव्हा जुनी फ्लुरोस्कोपी होती. तिचा पडदा इतका मंद उजळायचा की डॉक्टर बराच वेळ आधीपासून लाल काचांचा चष्मा लावून बसत, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. टेबलावर बहुधा खेड्यातली बाई असायची. नऊवारी सोडून रुग्णालयाचा झगा घातलेली, संकोचानं तोंड भिंतीकडे केलेली. मी तिचा हात धरून सांगायची, "आई, डाव्या कुशीवर व्हा. आता श्वास धरा. सोडा." गुदाशयातून बेरियम वर सरकू लागायचं. पडद्यावर त्याची सावली काळी दिसते, धुतलेल्या फिल्मवर तीच पांढरी होते. बहुतेकांच्या पोटात ते ठरल्या वाटेनं जातं: डावीकडून वर, प्लीहेपाशी वळण, पोट आडवं ओलांडून यकृताखाली, आणि तिथून उजवीकडे खाली अपेंडिक्सपर्यंत. एकूण वाट साधारण दीड मीटरची.

काही जणांचं मात्र असं नसतं. सिग्मॉइड हा ओटीपोटातला भाग पार छातीच्या पडद्यापर्यंत चढतो, मागे फिरून खाली येतो, उजव्या बाजूला एक फेरी मारतो आणि मग कुठे डाव्या कुशीला लागतो. मधलं आडवं आतडं सैल पडून ओटीपोटात लोंबतं. कालवलेलं बेरियम पुरत नाही, पुन्हा कालवावं लागतं. चौदा बाय सतराच्या फिल्मवर सगळं मावत नाही. अशा वेळी रिपोर्टच्या शेवटी एक ओळ टाइप होऊन यायची: 'रिडन्डन्ट कोलन'.

डॉक्टर पुढच्या रुग्णाकडे वळलेले असायचे, आणि पाकीट हातात घेतलेली माणसं मला गाठायची. "ताई, आतडं वाढलंय म्हणत्यात. कापाय लागंल का?" या प्रश्नातली भीती मला चांगली ठाऊक आहे, कारण माझंही आतडं असंच आहे. तिशीत सततच्या पोटफुगीमुळे माझी तपासणी आमच्याच खात्यात झाली आणि डार्करूममध्ये फिल्म मीच धुतली. हायपोच्या टाकीतून वर काढल्यावर सिग्मॉइडचे वेढे स्वच्छ दिसले. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले. लोकांना वाटणारी भीती अनाठायी नव्हती, हे त्या वाचनात कळलं. एके काळी खरोखरच कापत होते.

गोष्ट एक्स-रेच्या आधीपासून सुरू होते. फ्रान्समधल्या लियाँचे डॉक्टर फ्रांत्झ ग्लेनार यांनी १८८५ साली असं मांडलं की पोटातले अवयव बांधून ठेवणारे पडदे सैल झाले की आतडं, जठर, मूत्रपिंड खाली घसरतात, आणि अपचन, थकवा, उदासी हे सगळं त्यातूनच येतं. त्यांची परीक्षा साधी होती. रुग्णाच्या मागे उभं राहायचं, दोन्ही हातांनी त्याचं ओटीपोट वर उचलून धरायचं आणि विचारायचं, बरं वाटतं का? बरं वाटलं तर निदान पक्कं. मग पोटाला रुंद पट्टा बांधायचा. पट्ट्यानं कुणाचं नुकसान झालं नसेल, काहींना आधारही वाटला असेल. पण 'जागेवर नसलेला अवयव म्हणजे आजारी अवयव' हा विचार वैद्यकात पक्का बसला. पुढे सर्जन ते अवयव वर उचलून टाक्यांनी पोटाच्या भिंतीला शिवू लागले.

त्याच काळात दुसरा एक समज जोर धरत होता. आतड्यात साठलेल्या मळातून विष रक्तात भिनतं आणि माणूस आतूनच विषारी होतो, असं पॅरिसचे शार्ल बुशार १८८७ च्या सुमारास शिकवत होते. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले एली मेचनिकॉफ, ज्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, ते आणखी पुढे गेले. मोठं आतडं माणसाच्या आता कामाचं राहिलेलं नाही, म्हातारपण तिथूनच सुरू होतं, असं त्यांचं मत होतं. त्यांचा उपाय निदान सौम्य होता: आंबवलेलं दूध. त्यांच्यामुळे युरोपात दह्याला अचानक मान मिळाला.

हे दोन्ही धागे लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये एका माणसाच्या हातात आले. सर विल्यम अर्बथनॉट लेन. हा कसलेला सर्जन होता. मोडलेलं हाड धातूच्या पट्टीनं सांधण्यात आणि लहान मुलांच्या दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेत त्याचं नाव होतं. जखमेला बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, सगळं काम लांब अवजारांनीच करायचं, ही शिस्त त्यानं घालून दिली. त्याच्या या कौशल्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच पुढची हकिकत जास्त लागते. लेनचं म्हणणं असं होतं, की माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून आतडं स्वतःच्या भारानं खाली ओढलं जातं, त्याला धरून ठेवायला पोटात नवे पट्टे तयार होतात, त्या पट्ट्यांवर आतड्याला मुरड पडते आणि मळ तुंबतो. शहरातलं सांडपाणी तुंबलं की रोगराई येते तसंच शरीरात होतं, असं तो सांगे. तुंबलेला भाग वगळून लहान आतडं खाली जोडून द्यायचं, किंवा मोठं आतडं मुळातच काढून टाकायचं, हा त्याचा इलाज. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं अशा शस्त्रक्रिया केल्या, १९०९ साली त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९१३ मध्ये त्याला बॅरनेट हा किताब मिळाला.

त्याच्या रुग्णांत बायका फार होत्या. बद्धकोष्ठ, डोकेदुखी, थंड पडणारे हात, निस्तेज कातडी, सततचा शीण, अशा तक्रारी घेऊन त्या यायच्या. या तक्रारी खोट्या नव्हत्या. अशाच तक्रारी सांगणाऱ्या बायका मी आयुष्यभर टेबलावर पाहिल्या आहेत. पण प्रतिजैविकं यायच्या कितीतरी आधीच्या त्या काळात पोट उघडून दीड मीटर आतडं काढायचं म्हणजे जिवाशी गाठ होती. काही जणी दगावल्या. काही वाचल्या त्या कायमचे जुलाब किंवा आतड्यांची चिकटण घेऊन जगल्या. काहींना खरोखर बरंही वाटलं, आणि लेनचा विश्वास त्यांच्या पत्रांवर पोसला गेला.

त्याच गायज हॉस्पिटलात आर्थर हर्ट्झ नावाचा तरुण फिजिशियन काम करत होता. पुढे त्यानं आडनाव बदलून हर्स्ट केलं. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती. बिस्मथ मिसळलेलं अन्न खायला घालून ठरावीक तासांनी चित्रं घेण्याची युक्ती त्यानं बद्धकोष्ठासाठी वापरली. बेरियम आमच्या धंद्यात त्यानंतर, १९१० च्या सुमारास आलं. हर्ट्झनं निरोगी माणसांत अन्न कुठे किती वाजता पोचतं हे आधी पाहिलं, मग रुग्णांकडे वळला. त्याला आढळलं की अनेकांचं आतडं मळ वेळच्या वेळी शेवटच्या टोकाला आणून सोडतं, अडतं ते बाहेर टाकताना. अशा माणसाचं वरचं आतडं कापून काय साधणार? हे सगळं त्यानं १९०९ सालच्या आपल्या ग्रंथात लिहिलं. एकाच इमारतीत, एकाच वर्षी, एकाच तक्रारीवर दोन पुस्तकं निघाली. एकानं आतड्याचा आकार पाहिला, दुसऱ्यानं घड्याळ हातात धरलं. आमच्या धंद्याचा खरा मूळपुरुष मी त्या दुसऱ्याला मानते.

१९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या 'आतड्यातल्या विषा'वर मोठी चर्चा झाली आणि लेनच्या मताला उघड विरोध झाला. अमेरिकेत वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ साली एक साधा मुद्दा मांडला. विष जर रक्तात भिनलेलं असेल, तर शौचाला झाल्याबरोबर डोकं हलकं कसं होतं? विष उतरायला तास लागले पाहिजेत. म्हणजे त्रास विषाचा नाही, ताणलेल्या गुदाशयाचा आहे. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी निरोगी माणसांच्या गुदाशयात कापूस भरून पाहिलं, आणि तेच जड डोकं, तीच सुस्ती आली. कापसात कसलं आलंय विष?

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं काम १९२३ चं आहे, आणि त्याची आठवण फार कमी लोक काढतात. कॅलिफोर्नियात मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०० निरोगी माणसांच्या पोटाचे एक्स-रे काढले. तोवर अवयवांच्या 'योग्य' जागा ठरल्या होत्या त्या मुख्यतः शवविच्छेदनाच्या टेबलावर, म्हणजे उताण्या पडलेल्या निर्जीव देहावरून. जिवंत माणूस उभा राहिला की त्याचं जठर, यकृत, आतडं कुठे असतं, हे धडधाकट लोकांत कुणी सरसकट पाहिलंच नव्हतं. मूडींना दिसलं की ज्यांना पोटाची काडीची तक्रार नाही अशा कितीतरी तरुणांचं आडवं आतडं थेट ओटीपोटात उतरलेलं आहे. चाळीस वर्षं ज्याला घसरण म्हणत होते, ती नुसती माणसामाणसांतली तफावत होती. आधी निरोगी लोक पाहायचे, मग रोग्यांकडे वळायचं, हा क्रम उलटा झाला आणि त्याची किंमत लेनच्या टेबलावरच्या बायकांनी मोजली.

लेन स्वतःही पुढे बदलला. शस्त्रक्रियेपेक्षा आहारावर बोलू लागला. कोंडा, फळं, भाज्या, मोकळी हवा यांच्या प्रचारासाठी १९२५ साली त्यानं न्यू हेल्थ सोसायटी काढली. मळ घसरता राहावा म्हणून लिक्विड पॅराफिन पाजण्याची रीतही त्यानं लोकप्रिय केली. आपल्याकडच्या औषधांच्या दुकानात लिक्विड पॅराफिन असलेल्या बाटल्या आजही विकल्या जातात.

नेमक्या याच वर्षांत आपल्याकडेही मोठ्या आतड्याचा अभ्यास चालला होता. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे मूळच्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं हे त्यांनी एक्स-रेखाली पाहिलं. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे पाऱ्याच्या मॅनोमीटरनं मोजलं आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. बस्तीच्या क्रियेत पाणी आत का ओढलं जातं, याचं ते उत्तर होतं. त्यांच्या सगळ्या दाव्यांशी मी सहमत नाही. पण हलणारं, जिवंत आतडं पाहायचं आणि आकडा मोजायचा, ही त्यांची पद्धत मला हर्ट्झच्या जवळची वाटते.

त्याच्याही मागे आपल्याकडे कोठ्याचा विचार आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कोठ्याचे मृदू, मध्य आणि क्रूर असे प्रकार केले आहेत. कुणाला नुसत्या दुधानं पोट साफ होतं, कुणाला जालीम रेचकही लवकर लागू पडत नाही. म्हणून वैद्य औषध देण्याआधी कोठा विचारायचा. माझी आजी सुनेची चौकशी करावी त्या गांभीर्यानं सांगायची, "आमच्या घरात सगळ्यांचा कोठा जड." त्यात रोगाची भाषा नव्हती, घरात कुणी उंच असतं, कुणाची दृष्टी अधू असते, तितकंच. भाकरीबरोबर ताक, रात्री भिजवलेल्या मनुका, सकाळी गरम पाणी आणि घाई न करता बसणं, असा तिचा बंदोबस्त होता. मात्र याच घरांत दुसरीही रीत होती. महिन्यातून एका रविवारी सगळ्या पोरांना रांगेत उभं करून एरंडेल पाजायचं. कोठा हलका असो की जड, चमचा एकच. हलक्या कोठ्याची पोरं दिवसभर गळून पडायची. ती रीत गेली हे फार चांगलं झालं.

लांब आतड्यापासून काहीच धोका नाही असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. एका पहाटे शिराळ्याकडच्या एका वाडीतून जीपमध्ये घालून एका वयस्क शेतकऱ्याला आणलं होतं. दोन दिवस शौचाला नाही, वारा सरकत नाही, पोट टम्म फुगून कातडी चकाकत होती. उभं धरून साधा एक्स-रे काढला. ओटीपोटापासून बरगड्यांपर्यंत हवेनं भरलेला एकच प्रचंड वेढा, खाली दोन्ही टोकं एकत्र आलेली. पुस्तकात याला कॉफीच्या बीची उपमा देतात. सिग्मॉइडला पीळ पडला होता, ओलं धोतर पिळताना पडतो तसा. सर्जननी गुदद्वारातून दुर्बीण घालून पिळाच्या तोंडाशी रबरी नळी सरकवली आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. फसकन हवा आणि पातळ मळ बाहेर आला. डोळ्यांदेखत पोट खाली बसलं. आजोबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बाई, च्या मिळंल का?" मुलगा दाराशी रडत होता.

नळीनं पीळ सोडवायची ही रीत नॉर्वेच्या ब्रुसगार्ड यांनी १९४७ मध्ये आपल्या रुग्णांच्या अनुभवावर सविस्तर मांडली, आणि तिनं अनेकांची तातडीची शस्त्रक्रिया टळली. पण सुटलेला पीळ पुन्हा पडतो. म्हणून प्रकृती सावरल्यावर तो लांबलेला वेढा काढून टाकावा लागतो. आजोबांचा काढला, आणि ते योग्यच होतं. वेढा लांब असून त्याचा बुंधा अरुंद असेल तेव्हा लांबीच खरी गुन्हेगार असते. माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की पोट अचानक फुगलं, कळा येऊ लागल्या, वारा सरकायचा थांबला, उलट्या झाल्या, तर घरी एरंडेल किंवा एनिमा घेत बसायचं नाही, गाडी काढायची.

इथे आहाराबद्दलही एक गोष्ट नीट पाहायला हवी. युगांडात काम केलेले सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की आफ्रिकेच्या खेड्यांतल्या भरपूर चोथा खाणाऱ्या माणसांचा मळ वजनानं जास्त असतो आणि ब्रिटनमधल्या लोकांपेक्षा कितीतरी लवकर बाहेर पडतो. तेव्हापासून जगभर कोंड्याचा आणि इसबगोलाचा बोलबाला झाला. पण सिग्मॉइडचा पीळही आफ्रिकेत, भारतात आणि चोथा जास्त खाणाऱ्या इतर मुलखांतच अधिक सापडतो. भरलेलं आतडं वर्षानुवर्षं ताणलं जाऊन लांबत असावं, असं अनेक सर्जन मानतात. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर राहणाऱ्यांतही लांब-रुंद आतडं खूप आढळतं. म्हणून लांब आतड्याच्या माणसानं इसबगोल बेताबेतानं वाढवावं आणि दर वेळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावं. कोरडं गिळलेलं इसबगोल आत जाऊन फुगतं आणि वेढ्यात अडकून बसतं. मी हे औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनाही सांगत आले आहे.

१९६९ हे साल आमच्या कामाला दोन बाजूंनी वळण देणारं ठरलं. न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी लवचीक दुर्बिणीतून मोठ्या आतड्यातला मोड काढायला सुरुवात केली, आणि पुढे त्या दुर्बिणीनं बेरियम एनिमाची जागा घेतली. लांब आतड्याच्या माणसाला ही दुर्बीण जड जाते. ती पुढे जाण्याऐवजी वेढ्यातच गोल फिरते, आतडं ताणतं आणि कळ येते. माझ्या वेळी सिस्टरनी बेंबीखाली तळहात दाबून वेढा धरून ठेवला, मला डाव्या कुशीवरून उताणं केलं, तेव्हा ती पुढे सरकली. तपासणीला जाताना जुना रिपोर्ट न्यावा आणि आतडं लांब आहे हे आधीच सांगावं. डॉक्टर पातळ दुर्बीण घेतात, गुंगीचा विचार करतात, नाहीच जमलं तर सीटीवर भागवतात.

त्याच वर्षी लंडनला हिंटन, लेनार्ड-जोन्स आणि यंग यांनी मार्करची तपासणी प्रसिद्ध केली. एक्स-रेवर दिसणारे वीस बारीक तुकडे गिळायचे आणि पाचव्या दिवशी एक फिल्म काढायची. बहुसंख्य तुकडे बाहेर पडलेले असले तर आतड्याची चाल ठीक. सगळीकडे विखरून राहिलेले असले तर आतडंच मंद. खाली ओटीपोटात गोळा झाले असतील तर अडचण बाहेर टाकण्यात, आणि तिथे बसण्याची पद्धत आणि स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो, कात्री नव्हे. विकतचे मार्कर परवडत नसत म्हणून आम्ही एक्स-रेवर दिसणाऱ्या रबरी नळीचे तुकडे कात्रीनं कापून रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचो. संध्याकाळी काम संपलं की वर्तमानपत्र पसरून मी आणि वॉर्डबॉय ते मोजत बसायचो. निवृत्त होण्याआधी मीही ती कॅप्सूल घेतली. पाचव्या दिवशीच्या फिल्मवर बहुतेक तुकडे गेलेले होते, उरलेले त्याच लांब सिग्मॉइडमध्ये, खाली उतरण्याच्या वाटेवर. डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये तुकड्यांची संख्या आणि जागा लिहिली. लांबीचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि मीही विचारला नाही.